सासूबाईंच्या चालीचा पट्टा

सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरातल्या ट्रेडमिलची सगळ्यात कमी गतीही त्यांना झेपेना. एकदा तोल गेला, तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला. "आता हिच्यावर कपडे वाळत घाला," म्हणाल्या.

सकाळचा जप आटोपून, प्लग काढून मी ट्रेडमिल उघडली. वेग कमी करणारं सर्किट मोटरला जोडलं. रिकामा पट्टा छान सरकला, पण मी वर उभी राहताच जागीच थांबला.

"वहिनी, आता देवालाच ढकलायला सांग!" नणंद खिदळली.

"त्याला सांगितलंय. पण हात मलाच चालवायचेत."

मग रोलरवर छोटं लोहचुंबक चिकटवलं आणि शेजारी सेन्सर बसवला. वजनाने रोलर मंदावला की सेन्सरला ते कळायचं आणि सर्किट मोटरचा जोर वाढवायचं. या वेळी पट्ट्याने मला पेललं.

सासूबाई दांडा घट्ट धरून चढल्या. पट्टा अगदी त्यांच्या चालीने सरकू लागला. एक पाऊल पडलं, मग दुसरं, आणि हळूहळू दांड्यावरची पकड सैल झाली.

"काय गं ही गोगलगाय! सूनबाई, वाढव की जरा. आणि कपड्यांना दुसरी जागा बघा!"