खंडेनवमीचा दुसरा इशारा

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी परळच्या ऑफिसात रघुवीर मांजरेकरचा मोबाइल वाजला. बचाव केंद्राचा फोन होता, त्या दिवसातला दुसरा.

"'रेणुका' टग तुमच्याच कंपनीची ना?" ड्युटीवरच्या अधिकारी मानसी विचारत होत्या. "तिचा संकटाचा बीकन चालू झालाय. उपग्रहाकडून जागा अजून आलेली नाही. बीकनच्या नोंदीत तुमचा नंबर आहे. बोट कुठाय?"

"दिघीला निघालीय, रिकामा बार्ज ओढत." रघुवीर कॉम्प्युटरला हार घालत होता. "मॅडम, परत सॉरी हां. पूजा करतायत ती."

सकाळच्या पहिल्या फोनच्या वेळी तसंच झालं होतं. धक्क्याला बांधलेल्या, कंपनीच्याच 'अंबिका' टगवरच्या मंडळींनी इंजिन धुतलं, नांगर धुतला आणि त्याच भरात बीकनही स्टँडमधून काढून बादलीत बुचकळला. स्टँडमधून सुटून पाणी लागलं की तो आपणहून उपग्रहाला हाक देतो. बुडतोय की आंघोळ घालतायत, हे त्याला कळत नाही.

"तुमचं बोलणं झालं त्यांच्याशी?"

"झालं ना."

"नक्की?"

"हो, मॅडम."

बोलणं झालेलं नव्हतं. आता कुशाबाला फोन लावू, चार शिव्या घालू, म्हणजे होईलच, असा त्याचा हिशेब होता. कुशाबा 'रेणुका'चा सारंग, बोटीवरचा मुख्य. लालबागच्या चाळीत दोघांची दारं समोरासमोर.

फोन लागला नाही. समुद्रात तो नेहमीच लागतो असं नाही. शिव्या लिहून तरी टाकाव्यात म्हणून रघुवीरने ऑफिसचा ग्रुप उघडला. 'रेणुका'चा फोटो तिथे साडेसातलाच येऊन पडला होता. बीकन आपल्या स्टँडमध्ये कोरडा, त्याला हळदीची पाच बोटं आणि झेंडू. खाली कुशाबाने लिहिलं होतं, 'रघ्या, आमची पूजा आटपली. पेढे तू एकटाच खाऊ नको.'

रघुवीर खुर्चीत बसला. पुन्हा फोन लावला. बोटीवरच्या तांडेलाला लावला. इंजिनवाल्याला लावला. मग मॅनेजर राजेश सामंतांना लावला.

"सर, 'रेणुका'चा बीकन वाजतोय. पण त्यांची पूजा सकाळीच झालीय."

"मग तू केंद्राला काय सांगितलंस?"

"पूजा चाललीय म्हणून. बोलणं झालं म्हणून."

"मग जरा थांब. आधी कुशाबा लागतोय का बघ. एका दिवसात दोन इशारे, त्यात आपण खोटं बोललो! हे लेखी गेलं ना, तर कॉन्ट्रॅक्ट गेलं. आणि त्याच्या आधी तू गेलास."

"सर, बुडत असतील तर?"

"आणि नसतील तर?"

रघुवीरने फोन बंद केला आणि केंद्राला लावला.

"मॅडम, मांजरेकर. 'रेणुका'चं मी खोटं सांगितलं. माझं कुणाशीच बोलणं झालेलं नाही."

पलीकडे खुर्ची सरकली. मानसी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

"माणसं किती?"

"सात."

"जीवरक्षक तराफा?"

"आहे, एक. बार्जवर कुणी नाही."

"मी त्यांना रेडिओवर बोलावत होते, उत्तर नव्हतं. तुम्ही बोलणं झालं म्हणालात, म्हणून पुढचा निरोप थांबवला होता. लाइन सोडू नका."

मग त्या दुसरीकडे वळून बोलू लागल्या. 'मेडे रिले', म्हणजे दुसऱ्या बोटीची संकटहाक, हे शब्द तीनदा, मग 'रेणुका'चं नाव, मग इतक्यात हाती आलेली जागा. कोर्लईच्या पश्चिमेला. आसपासच्या सगळ्या जहाजांना. आवाज चढला नाही, घाईही नव्हती. रघुवीरने घड्याळाकडे पाहिलं. त्याच्या दोन उत्तरांमध्ये चोवीस मिनिटं गेली होती.

एक वाजता टेबलावरचा फोन वाजला. कुशाबाची बायको, मालन.

"भावजी, ह्यांचो फोन लागना नाय. मुरुडाकडसून करतत नेहमी. तुमका काय म्हायती आसा?"

रघुवीरने सांगितलं. बीकन, जागा, निघालेली जहाजं. मागे कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"तुमका कधी कळला?"

"अकराच्या सुमाराला." तो थांबला. एवढ्यावर भागलं असतं. "वहिनी, तेव्हा मी पूजा चाललीय म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. चोवीस मिनिटं माझ्यामुळे गेली."

मालनने फोन ठेवला नाही.

दुसऱ्या कानाला मोबाइल होता, केंद्राची लाइन अजून चालू. मानसी सांगत होत्या ते तो ऐकत राहिला.

"वहिनी, एका मालवाहू जहाजाला तराफा दिसलाय."

"आत माणसां आसत मा?"

"तराफ्याचं कापडी छत बंद आहे, आतलं दिसत नाही. भोंगा दिला, उत्तर आलेलं नाही. जहाज अजून जवळ पोचलेलं नाही."