प्रमिलाबाई गप्प का झाल्या?

मी खापर बोलतंय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. स्वतःचं काही बिघडलं की मला दुसऱ्याच्या डोक्यावर फोडायची तुम्हा माणसांची जुनी खोड मला ठाऊक आहे. मी मात्र आजवर कोणाच्या डोक्यावर फुटलेलं नाही. मी मांड्याचं खापर. चुलीवर पालथं बसायचं, पाठ तापवून घ्यायची आणि तिच्यावर हातभर रुंद पुरणाचा मांडा भाजून द्यायचा, एवढंच माझं काम. नंदुरबार तालुक्यातल्या धानोऱ्यात, प्रमिलाबाईंच्या घरामागच्या परसात माझं सगळं आयुष्य गेलं.

स्वभावाने मी चौकस. पालथं बसणाऱ्याला दिसतं कमी, म्हणून ऐकायची सवय जास्त. घरात भांडण लागलं की कोणावरून लागलं, हसू फुटलं की कशावरून, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पण गेल्या दोन वर्षांत एका प्रश्नाने मला जेवढं छळलं, तेवढं चुलीच्या जाळानेही छळलं नसेल. तोच तुम्हाला सांगायचा आहे.

मला रेवजी कुंभाराने घडवलं. तोंड रुंद, पोट उथळ आणि पाठ अशी गुळगुळीत की मुंगीचा पाय घसरावा. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आठ दिवसांवर आला होता आणि शहाद्याच्या बाजारात त्याने आम्हा भावंडांना ओळीने मांडलं होतं. प्रमिलाबाई आल्या आणि एकेकाला बोटाच्या पेराने ठोकून बघायला लागल्या. ठोकायचं, कान लावायचा, नाक मुरडायचं. अकरा झाली तेव्हा रेवजी वैतागला.

"माय, खापर ली ऱ्हायनी का जवाई देखी ऱ्हायनी?"

"जवाई फुटका निंघना ते चाली जास," त्या फाडकन म्हणाल्या. "खापर फुटकं निंघनं ते मन्ही आखाजी जास!"

बारावं मी. पेर बसताच मी असं खणखणीत वाजलं की त्यांनी पुन्हा ठोकलंच नाही. एस.टी.त वाटभर मला मांडीवर घेऊन बसल्या.

या बाईंचे हात काय सांगू! पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर घ्यायच्या आणि मनगटापासून कोपरापर्यंत असा खेळवायच्या की बघता बघता त्याचं पातळ पातळ धोतर व्हायचं. मग एका झटक्यात तो माझ्या पाठीवर. एक सुरकुती नाही, एक भोक नाही. गल्लीत कोणाच्या घरी लग्न असो की आखाजी, मांडे करायला आधी प्रमिलाबाईंना बोलावणं आणि त्यांच्याबरोबर मला. बायका पीठ मळायच्या, पुरण वाटायच्या, पण हातावर मांडा घ्यायचा मान त्यांचा.

आणि तोंड? ते माझ्याहून तापलेलं. पीठ घट्ट झालं, धूर झाला, शेजारच्या कमलबाईने पुरणात वेलची जास्त टाकली, काहीही पुरायचं. मुलगा भाग्येश साखर कारखान्यात नोकरीला लागला त्या दिवशीसुद्धा, पेढे कमी आणले म्हणून त्याने बोलणी खाल्ली. अक्कलकुव्याहून सून आली, रोहिणी. ती तर पहिली दोन वर्षं परसात येऊन माझ्याशेजारी डोळे पुसायची. मला तिची दया यायची आणि सासूच्या एकेका वाक्याची मजाही वाटायची. खोटं कशाला बोलू?

मग दोन वर्षांपूर्वीची आखाजी आली. चूल पेटली, बायका जमल्या, मी तापलं. प्रमिलाबाईंनी पहिला मांडा हातावर घेतला आणि तो मधोमध फाटून जाळात पडला. दुसरा तसाच. तिसऱ्याला त्यांचे हात थांबलेच. त्या नुसत्या जाळाकडे बघत राहिल्या. मी वाट बघत होतं, आता पिठावर ओरडतील, आता सुनेवर. काही नाही. एक अक्षर नाही.

"तुम्ही बठा, आई," रोहिणी मायेने म्हणाली. "बहू काम करं आजलोंग. आते मी करस."

त्या उठल्या आणि खाटेवर जाऊन बसल्या. त्या बसल्या त्या बसल्याच.

आता गंमत बघा, की दैव म्हणा. इथे सासूला खाटेवर बसवून काडीला हात लावू न देणं हा मोठा मान समजतात. रोहिणीने तो मान मनापासून दिला. डाळ निवडू दिली नाही, ताक घुसळू दिलं नाही. सून असावी तर अशी, असं गाव म्हणायला लागलं. प्रमिलाबाईंचं बोलणं आटत गेलं तर त्याचंही कौतुकच! कमलबाई माझ्यासमोर म्हणाली, "नशीबवान शे तू, रोहिणी. तुन्ही सासूनं तोंड बंद व्हयनं." आणि भिलाअण्णा, प्रमिलाबाईंचे यजमान, सकाळी तंबाखू मळता मळता सुनेला म्हणायचे, "तुन्ही सासू आते देवमानूस व्हयी गयी."

मला मात्र हे पटेना. तापट चूल एकाएकी गार झाली तर ती शहाणी झाली म्हणतात का? विझली का म्हणून कोणीतरी वाकून बघतंच ना?

मलाही विश्रांती मिळाली होती म्हणा. कोणीतरी मला सुलटं करून पेरूच्या झाडाखाली ठेवलं आणि चिमण्यांसाठी पाणी भरलं. खापराला सुलटं ठेवणं म्हणजे काय अपमान, ते तुम्हाला नाही कळायचं. एक फायदा झाला. आता मला वरचं दिसायला लागलं. प्रमिलाबाईंची खाट समोरच होती. ताट पुढे येई आणि अर्धं परत जाई. पहाटे घर उठायच्या आधीच त्या उठून बसलेल्या असत. अंगावरचं लुगडं तीन तीन दिवस तेच. साठी बुद्धी नाठी, असं अण्णा म्हणायचे आणि शेतावर जायचे.

मी डोकं खाजवत राहायचं (आहे कुठे, ते विचारू नका). मांडा फाटला म्हणून त्या गप्प झाल्या, की आत आधीच काही फाटलं होतं म्हणून मांडा फाटला?

एका दुपारी त्या खाटेवरून उठल्या आणि माझ्याजवळ येऊन उकिडव्या बसल्या. पाण्यात स्वतःचं तोंड बघितलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मी आते कोन्हाच कामनी नही ऱ्हायनू. मरी गऊ ते बरं."

मला हाक मारायची होती, पण मातीला कुठे वाचा असते? तेवढ्यात मागे बादली आदळली. धुणं वाळत घालायला आलेली रोहिणी दारातच उभी होती. तिने ऐकलं होतं. ती धावत आली, सासूच्या शेजारी मातीत बसली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. त्या दिवसापासून तिने त्यांना घटकाभरही एकटं सोडलं नाही.

संध्याकाळी ती पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर मान वर करून बोलली. "आईले नंदुरबारले दवाखानामा लई जानं शे."

"येडासना डाक्टरकडे?" अण्णा दचकले. "गाव काय म्हनी?"

"गावले म्हनू द्या. आण्णा, मी आईनी बोलणी आयकाले तरसी गऊ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाच सगळ्यांच्या आधी टोपी घालून तयार होते. भाग्येशने रजा टाकली आणि चौघं गेले.

औषध सुरू झालं. मला वाटलं, आता आठवड्याभरात शिव्यांचा पाऊस. कसलं काय! महिना गेला. मग माझ्याच पाण्यात पांढऱ्या गोळ्या पडायला लागल्या. प्रमिलाबाई गोळी तोंडात घेऊन परसात यायच्या आणि माझ्यात थुंकायच्या. चिमण्या शहाण्या, त्यांनी चोच लावली नाही. चौथ्या दिवशी पाणी बदलताना रोहिणीला तळाशी गाळ दिसला.

तिने फोन केला आणि दवाखान्यातल्या समुपदेशक महजबीनताई घरी आल्या. नंदुरबारच्याच, वडील शिंपीकाम करायचे. खाटेवर प्रमिलाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसल्या. रागावल्या नाहीत. "गोळी लिधी म्हंजे काय व्हस?" एवढंच विचारलं. प्रमिलाबाई म्हणाल्या, घसा कोरडा पडतो, गरगरतं. ताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, आणि दोन दिवसांनी तपासून त्यांनी गोळी बदलली. मला नवल वाटलं. विचारलं की सांगतात, एवढं सोपं होतं तर कोणी विचारलं का नव्हतं?

"मन्हंच चुकनं का, ताई?" रोहिणीने रडवेल्या आवाजात विचारलं.

"कोन्हीच चूक नही. साखरना आजार व्हस ना, तसा हाऊ मनना आजार शे. म्हतारपनमा बहू लोकेसले व्हस, आनि बरा बी व्हस." मग ताई म्हणाल्या, "पन एक सांगू? तुम्हीन मायले मान दिधा, आनि काम लई लिधं. थोडं थोडं काम परत द्या."

त्या दिवशी मी सुटकेचा श्वास टाकला. घरात एवढा घोर लागला होता, तरी कोणी मला दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं नाही.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. सुपात डाळ आली. सकाळी कमलबाई हाक मारायला लागली आणि दोघी मारुतीच्या पारापर्यंत जाऊन यायच्या. ताटातली भाकरी संपायला लागली. पण कधी चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. रोहिणी जवळ जाऊन बसायची, नुसती.

अशात यंदाची आखाजी जवळ आली. एका सकाळी रोहिणी माझ्याकडे आली, पाणी ओतून दिलं, पदराने पुसलं आणि मला चुलीवर पालथं घातलं. मी हरखलं! दोन वर्षांनी पाठ वर! पण तिने चुलीत कपाशीच्या वाळक्या काड्यांचा भारा कोंबला आणि जाळ भडकवला. अगं बाई, दोन वर्षं पाणी मुरलंय माझ्यात! अंगातून सूं सूं वाफ निघाली. मला कळून चुकलं, आता मी जाणार. बिचारीला कसं कळणार? हे शिकवायची वेळ आली तेव्हा शिकवणारी गप्प झाली होती.

"ए रोहिणी!"

परसातल्या चिमण्या उडाल्या. खाटेवरचं सूप खाली पडलं, डाळ पसरली.

"काढ ते चुलावरथून! दोन वरीस पानी पियेल खापर शे, तडकी जाई ना! इतला वरीस व्हयनात या घरमा, इतलं बी समजस नही तुले? सर, बाजूले व्हय!"

आणि प्रमिलाबाई चालत नाही, तरातरा आल्या. चुलीतल्या काड्या ओढून काढल्या आणि दोन फडक्यांनी धरून मला उतरवलं. रोहिणी चुलीपाशी बसून ढसाढसा रडायला लागली. अण्णा धावत आले. "काय व्हयनं? भाजनं का?"

"नही, आण्णा," ती रडता रडता हसत होती. "आई माले बोलन्यात!"

अण्णांनी टोपी काढली, डोळे पुसले आणि ती पुन्हा उलटीच घातली.

प्रमिलाबाईंनी मला पाच दिवस उन्हात ठेवलं. रोज वळवायच्या. सहाव्या दिवशी पेराने ठोकून कान लावला. मी वाजलं, पूर्वीइतकं खणखणीत नाही, पण वाजलं. मग मंद आचेवर थोडं थोडं तापवत नेलं.

आखाजीला त्यांनी सात मांडे केले. पूर्वी चाळीस करायच्या. आठव्याला हात भरून आले तेव्हा रोहिणीला पुढे ओढलं आणि तिच्या हातांवर गोळा ठेवला. गोळ्या अजून चालू आहेत, ताईंचा फोन येतो. अजूनही एखाद्या दिवशी खाट गप्प असते. फरक एवढाच, की आता घरातलं कोणीतरी जाऊन विचारतं, "आज काब्र चूप? काय व्हयनं?"

माझा प्रश्न पूर्ण सुटला नाही. त्या गप्प का झाल्या, हे अख्खं कोणालाच सांगता येत नाही असं दिसतं. पण तुमच्या घरातलं एखादं तोंडाळ माणूस असंच गप्प झालं असेल, तर सुटलो म्हणून हसू नका. जवळ जा. प्रमिलाबाईंनी मला बाजारात ठोकून बघितलं होतं तसं एकदा विचारून बघा, आणि कान लावून थांबा. मी मातीचं, माझं काय, आज आहे उद्या नाही. आता मला जास्त बोलताही येणार नाही, कारण पाठीवर रोहिणीचा पहिला मांडा पडलाय, वेडावाकडा, तीन भोकांचा. ती सासूच्या चेहऱ्याकडे बघत उभी आहे आणि सासू ओरडतेय:

"मन्हा तोंडकडे काय देखस, येडी! मांडा देख, जळी जाई!"