तीन फिल्टर आणि फुईचं तोंड

साखरपुड्याच्या त्या एका फोटोत माणसं सव्वीस होती, खुर्च्या नऊ, लेन्सवर फिल्टर तीन आणि काळे कोपरे चार. वरच्या दोन कोपऱ्यांत मांडवाची झालर होती. तिची काही तक्रार नव्हती. खालच्या उजव्या कोपऱ्यात चपलांचा ढीग. डाव्या कोपऱ्यात मात्र नवरदेवाची फुई, म्हणजे सख्खी आत्या, सुभद्राबाई बसलेली होती.

आता ती सुरतच्या गोडादऱ्यात, फोटो काढणाऱ्या योगराजच्या स्टुडिओत, काउंटरच्या आत येऊन, त्याच्याच खुर्चीत बसली होती.

"तू मनं तोंड काळं करं," ती म्हणाली. "आख्खा भाऊबंदमा."

"फुई, तोंड नाही. कोपरा काळा झालाय."

"मंग कोपरामा कोनं तोंड शे?"

शेजारी नवरदेवाची आई छाया रडवेली उभी होती. हळद परवावर आलेली, आणि त्यांच्या घरात पहिली हळद फुईच्याच हातची. ज्या भावजयीने फोटोवाल्याला शिकवून आपलं तोंड काळं केलं, तिच्या घराची पायरी चढणार नाही, असं फुईने सगळ्यांना सांगून टाकलं होतं. हळद अडली असती तर गोडादऱ्यातल्या खान्देशी लग्नांत योगराजला पुन्हा कुणी उभं केलं नसतं.

"ताई, मी याले काहीच सांगं नही," छाया म्हणाली.

"तू सांगतस कोठे? तू नुसती देखस."

योगराजने लेन्स समोर ठेवली. "बघा फुई. हिचं तोंड मोठं आहे, उजेड लई घेते. मागे लूमच्या कारखान्याची भिंत होती, ती धूसर करायची तर तोंड पूर्ण उघडं पाहिजे. पण ऊन दुपारचं. म्हणून उजेड अडवायला ही काळी काच. त्यावर साड्यांची चमक मारायला ही दुसरी."

"साड्यांची चमक मारी?" फुईने छायाकडे पाहिलं. "सुरतमा राहीसन?"

"आणि लूमचे तंतू बसू नयेत म्हणून ही साधी, ती कायमचीच. तीन काचांच्या तीन कड्या. एकावर एक चढल्या की बोगदा होतो, मग कोपऱ्यातनं येणारा उजेड अडतो."

"दखाड मंग."

योगराजने भिंतीवर कोरं पांढरं कापड ताणलं आणि चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात स्टूल ठेवलं. फुई खुर्चीतून हलली नाही. "वैनी, तू बठ," ती म्हणाली.

छाया बसली. तिन्ही फिल्टरांसकट पहिला फोटो निघाला. छाया कपाळापासून हनुवटीपर्यंत काळी. फुईने कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बराच वेळ समाधानाने पाहिलं. "हाऊ चांगला शे. हाऊ ठेव."

कड्या तशाच ठेवून योगराजने लेन्सचं तोंड बारीक केलं, तर सावलीची कड उलट जास्तच रेखीव झाली. तोंड पुन्हा पूर्ण उघडून त्याने वरचे दोन फिल्टर काढले, तिसरा हलेना. त्याने पिळला, फुंकला, टॉवेलात धरून पुन्हा पिळला. शेवटी फुईने लेन्स ओढून घेतली, माउसपॅडची रबराची बाजू कडीवर दाबली आणि लोणच्याच्या बरणीचं झाकण काढावं तसा फिल्टर काढून दिला.

पुढच्या फोटोत छाया बरीच उजळली.

"अजून सावळी शे," फुई म्हणाली.

"तोंड पूर्ण उघडं असलं की ही लेन्स कोपऱ्यात मुळातच थोडी अंधारते. तोंड बारीक केलं की सुधारते."

"ऐकं का वैनी? तोंड बारीक करं की सुधारस."

"ते तुमलेबी लागू शे, ताई," छाया स्टुलावरून म्हणाली आणि स्वतःच दचकली.

फुई खोकल्यासारखी हसली. तोंड बारीक करून योगराजने शेवटचा फोटो काढला. छाया कोपऱ्यातही मधल्याइतकीच स्वच्छ आली. त्याने सुटकेचा श्वास सोडला, तीन चहा सांगितले. फुई उठली नाही.

"काचनं समजनं," ती म्हणाली. "आते एक सांग. माले कोपरामा कोनी बठाडं?"

योगराजने साखरपुड्याचा फोटो पुन्हा पाहिला. नऊ खुर्च्यांत चार जोडपी होती. उरलेली बाई एक. "फुई, जरा कडेला सरका," असं तोच म्हणाला होता. एकट्या बाईला तो प्रत्येक लग्नात तसंच म्हणायचा. जोडपी मधे आली की रांग बरी दिसते. छायाही त्या फोटोकडे पाहत होती. चहा आला, पण योगराज आणि छायाने त्याला हात लावला नाही.

हळदीच्या दिवशी पहिली हळद फुईनेच लावली, आणि फोटोसाठी खुर्च्या छायाने स्वतः मांडल्या. लेन्सवर एकही फिल्टर नव्हता. तोंड बारीक ठेवल्यामुळे मागची भिंत अजिबात धूसर झाली नाही, आणि 'इथे थुंकू नये' ही गुजराती सूचना सगळ्यांच्या डोक्यांवर लख्ख वाचता येत होती.

हळदीचा मोठा फोटो फ्रेम होऊन आला तेव्हा सुभद्राबाई घरी साड्यांना लेस लावत होती. तिने गळ्यातली टेप काढून फोटोवर धरली. रुंदी अठरा इंच. डाव्या कडेपासून तिच्या नाकापर्यंत नऊ.