लोकेशची उंची

छत्रपती संभाजीनगरच्या जवळ बारा वर्षं राहून मी वेरूळ एकदाच पाहिलं, तेही शाळेच्या सहलीत आणि उलट्या करत. पण हॉलंडमधल्या न्यूनेनच्या पलीकडच्या त्या खेड्यातल्या पाणचक्कीचा सगळा इतिहास मला तोंडपाठ आहे. चक्की कधी बांधली, पुरात कधी वाहून गेली, दळणावरून कुणाकुणाची भांडणं झाली, हे सगळं मी आठवड्यातून दोन सकाळी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये डच लोकांनाच सांगायचे, आणि तेही बिचारे माना डोलावत ऐकायचे. लोकेश गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून माझ्या नवऱ्यानं, रविराजनं, मला तिथं नेऊन बसवलं. आमचा लोकेश, तीन वर्षांचा, चार दिवसांच्या तापात गेला.

लोकांना चक्कीपेक्षा तिच्या दाराची चौकट जास्त आवडायची. गावातल्या पोरांची उंची दर वाढदिवसाला त्या चौकटीच्या ओकच्या खांबावर कोरायची, अशी तिथली जुनी रीत. पोरानं खांबाला पाठ लावून उभं राहायचं, एकानं डोक्यावर फळी आडवी धरायची, दुसऱ्यानं चाकूनं खाच पाडून शेजारी नाव आणि वय कोरायचं. फळी दाराशेजारीच, माझाही हात जेमतेम पोचेल अशा उंच खिळ्यावर टांगलेली असायची. पणजोबा, आजोबा, नातू असे एकाच खांबावर वाढलेले.

माझी चूक झाली ती संडासात. इथं वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. त्यावर वार नसतात, त्यामुळे ते वर्षानुवर्षं चालतं. चक्कीची व्यवस्था बघणाऱ्या रियाबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाल्या, "तुझ्याही माणसांची नावं लिही." आमच्याकडे कॅलेंडर म्हणजे दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला ते, आणि स्मृतिदिन. मी आपलं नऊ मार्चवर लोकेशचं नाव लिहिलं. तो गेला ती तारीख. माझ्यापाशी लिहिण्यासारखी तेवढीच तारीख उरली होती.

पुढच्या नऊ मार्चला घरी मेणबत्ती लावून, त्रिसरण-पंचशील म्हणून मी चक्कीवर गेले, तर रियाबाईंनी गालावर तीनदा ओठ टेकवून म्हटलं, "मुलाबद्दल अभिनंदन! किती वर्षांचा झाला?" इथं वाढदिवस एकाचा आणि अभिनंदन सगळ्या घराचं. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "चार." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. वर्षभरात त्याचं नाव कुणी हसत घेतलं नव्हतं.

"घेऊन ये त्याला, उंची घेऊ," त्या म्हणाल्या.

"आणते," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात खांबावर खाच होती. शेजारी लोकेश, चार. मनात म्हटलं, म्हातारीनं अंदाजानं कोरली असेल. विचारायची सोय नव्हती; विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दुसऱ्या वर्षी पाच. तिसऱ्या वर्षी सहा. एकदा मी शिवणाची टेप नेऊन मोजलं. घरच्या कपाटावर त्याची शेवटची खूण चौऱ्याण्णव सेंटीमीटरवर होती. इथं एकशे दोन, एकशे आठ, एकशे चौदा. पोर छान वाढत होतं. कुणी नसलं की मी त्या सहाच्या खाचेवर तळहात ठेवून उभी राहायचे, आणि हात आपोआप केसांवरून फिरवल्यासारखा खाली यायचा.

या फेब्रुवारीत रविराजनं नायमेखन शहरातली नोकरी धरली. "इथून निघाल्याशिवाय आपण यातून बाहेर पडणार नाही, समता," तो म्हणाला. मला कळत होतं. पण मला तिथं लेकरू टाकून जावं लागणार होतं, त्याचं काय?

आठ मार्चला सामान हललं. जाता जाता मी चक्कीची किल्ली द्यायला रियाबाईंकडे गेले आणि एकदाचं सांगून टाकलं, की लोकेश नाही, तो कधीच गेला.

त्यांनी माझा हात धरला. "मला माहीत आहे गं. दुसऱ्या वर्षी रविराज येऊन सांगून गेला. म्हणून मी पुढे काही विचारलं नाही. म्हटलं, आईचा जीव आहे, कोरते तर कोरू दे."

"मी?"

"मग? तूच ना?"

त्या इतक्या मायेनं बघत होत्या, की मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, नव्या घरात खोक्यांच्या मध्ये बसून आम्ही चहा घेत होतो, तेव्हा त्यांचा फोन आला. "समता, दुसरी किल्ली तुझ्याकडे राहिली नाही ना? दार मीच आत्ता उघडलं. फळी खिळ्यावर नाही."

"पडली असेल."

"पडलेली नाही गं. खांबाला नीट टेकवून उभी ठेवली आहे, खाली, जमिनीवर. आणि या वर्षीची खाच नाही."

मी फोन ठेवला आणि जॅकेट चढवलं.

"कुठं निघालीस?" रविराजनं विचारलं.

"लोकेश खोळंबलाय," मी म्हटलं. "सात वर्षांचा झाला आज. फळी धरायला कुणी नाही तिथं."

मला वाटलं, आता हा मला जवळ घेईल, समजावेल, डॉक्टरांचं नाव काढेल. त्यानं कप खाली ठेवला. पंचवीस-तीस खोक्यांमधून न शोधता नेमकं एक उघडलं आणि स्वेटरांच्या खालून एक लहानसा चाकू काढला. पात्याच्या खोबणीत ओकचा भुसा अडकलेला होता.

"चल," तो म्हणाला. "या वेळी फळी तू धर."