विषयांतर ठरवलेल्या सात ओळी

मी एका भाषणाची टंकलिखित प्रत बोलतेय. तीन पाने आणि डाव्या कोपऱ्यात एक गंजलेली टाचणी, एवढाच माझा देह. मात्र माझा जन्म कागदावर झालेला नाही. आधी मी एका माणसाच्या तोंडून, उघड्या अंगणात, दोनशे माणसांसमोर बोलली गेले. कागद मला मागाहून मिळाला. बोललेले आणि लिहून ठेवलेले यांच्यात थोडे सावत्रपणाचेच नाते असते, हे मी तेव्हापासून जाणते.

काचेच्या बाटल्यांच्या एका कारखान्यात त्या सकाळी भट्टीचा स्फोट झाला आणि एक कामगार गेला. संतापलेले कामगार व्यवस्थापकाच्या खोलीकडे निघाले. तेव्हा एक फिटर पाण्याच्या पिंपावर चढला आणि बोलू लागला. पुढेमागे पुरावा लागेल म्हणून कचेरीतला लघुलेखक खिडकीआडून, भीत भीत, ते टिपत होता. दुपारी त्याने मला टंकलिखित केले. फिटरचा खोकला गाळला, श्रोत्यांचे हुंकार गाळले, मधली शांतता गाळली, आणि दुसऱ्या पानावरच्या सात ओळींशेजारी समासात एक शब्द लिहिला: ‘विषयांतर’.

त्या दिवशी कोणी कोणावर हात उचलला नाही. त्यामुळे पुराव्याची गरज पडली नाही आणि मी फायलीत पडून राहिले. फिटर निवृत्त झाला तेव्हा लघुलेखकाने मला त्याच्या हाती दिले. फिटरने मला उघडलेदेखील नाही. कपाटात ठेवले, वर जुन्या स्वेटरचे ओझे.

मला बाहेर काढले ते त्याच्या मुलीने. ती नऊ वर्षे एका शाळेत मदतनीस होती. पदवी हाती आली तरच तिला शिक्षिका म्हणून वर्ग मिळणार होता, आणि पदवी एका निबंधापाशी अडली होती: एखादे भाषण निवडा आणि ते श्रोत्यांवर परिणाम कसे घडवते ते उलगडून दाखवा. संधी तीनच. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला, म्हणून तिने मलाच निवडले.

पहिल्या निबंधात तिने वडिलांचा प्रामाणिकपणा, धैर्य आणि माणुसकी यांवर चार पाने लिहिली. प्राध्यापिकाबाईंनी ती शांतपणे वाचली.

“तुमचे वडील सज्जन आहेत, हे मला पटलं,” त्या म्हणाल्या. “पण परीक्षा त्यांची नाहीये. भाषणाची आहे.”

दुसऱ्या खेपेस मुलगी उलट्या टोकाला गेली. माझ्यात उपमा किती, पुनरुक्ती किती, प्रश्न किती, हे सारे तिने क्रमवार मांडले. बाई म्हणाल्या, “भाजीत काय काय घातलंत त्याची यादी दिलीत. चव कशामुळे आली, ते राहिलंच.”

आता एकच संधी उरली होती, आणि चार दिवस. दोन्ही निबंधांत तिने त्या सात ओळी वगळल्या होत्या; माझ्यावर पेन्सिलीने काटही मारली होती. वडील ऐन रंगात भरकटले, याची तिला लाज वाटत असावी. त्या ओळींतला काही भाग असा:

‘दोन नंबरची गॅसची चावी अजून उघडी आहे. लंबू, तू आणि तुझा जोडीदार जा, ती दोन्ही हातांनी फिरवावी लागते. पॅकिंगवाले, वाटेतली काच उचला, कोणाचा पाय कापेल. मास्तर, सगळ्यांचे डबे आत राहिलेत, ते बाहेर आणा.’

शेवटी तिने वडिलांनाच विचारले. ते टेबलावर पंखा उघडून बसले होते.

“बाबा, एवढं छान चाललं होतं, मधेच गॅसची चावी कुठून काढलीत?”

“काय बोललो ते काही लक्षात नाही गं,” ते मान वर न करता म्हणाले. “कोण कुठे उभं होतं, ते आठवतं.”

आणि त्यांनी पंख्याचे स्क्रू टेबलावर मांडले. हा पुढचा, गेलेल्याचा धाकटा भाऊ. हातात लोखंडी गज. त्याच्यामागे हे सगळे, ज्याला जे सापडले ते घेऊन. “शांत व्हा म्हटलं असतं तर पहिला गज मलाच बसला असता,” ते म्हणाले.

“चावी फिरवायची तर हातातलं खाली ठेवावं लागतं की नाही?”

“घरचा नळ महिनाभर गळतोय,” आतून आईचा आवाज आला. “तिथे नाही चालत ती वक्तृत्वकला.”

मुलगी हसली नाही. तिने खोडरबर घेतला आणि माझ्यावरची काट पुसली. मी मोकळा श्वास घेतला.

आठवण हा पुरावा नव्हे, हे ती जाणत होती. म्हणून ती पुन्हा माझ्याकडे वळली आणि ओळीओळीवर बोट ठेवत गेली. त्या सात ओळींआधी वक्ता जमावाला ‘तुम्ही’ म्हणतो, त्यांनंतर ‘आपण’. त्या ओळींत तो एकेकाला हाक मारतो, आणि जमावाची पुन्हा माणसे होतात. मागच्या रांगा कामाला लागल्यावरच, तिसऱ्या पानावर, तो त्या भावाशी बोलतो: ‘तुझ्या आईला हे दुसऱ्या कोणाकडून कळू देऊ नकोस.’ कथा ऐकणाऱ्याच्या हुंकारावर चालते, असे जुनी माणसे म्हणतात. माझे हुंकार लघुलेखकाने गाळले होते. तिने ते शब्दांच्या क्रमातून परत ऐकले.

निबंधाचे पहिले वाक्य तिने लिहिले: ‘हे भाषण रागाला उत्तर देत नाही, रागाच्या हातात काम देते.’ पुढचा प्रत्येक परिच्छेद त्या एका वाक्याला बांधलेला होता. कोणताही उतारा तिने नुसता डकवला नाही; तो कोणाला उद्देशून आहे आणि तिथे तो काय घडवतो, हे सांगूनच ती पुढे गेली.

ती उत्तीर्ण झाली. बातमी घेऊन आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. आईने पाण्याचा पेला दिला, तो तिने एका दमात रिकामा केला. वडिलांनी मात्र वेगळेच विचारले.

“त्यात लिहिलंस का, मी केलं ते बरोबर की चूक? त्या पोराचा राग खरा होता. तो मी पळवला, असं मला कायम वाटत आलंय.”

तर यासाठी मी इतकी वर्षे स्वेटरखाली होते.

“ते निबंधात विचारलं नव्हतं,” मुलगी म्हणाली. “पण शेवटच्या पानावर तुम्ही चौकशीची मागणी केलीत, बाबा. आणि पहिली सही त्या भावाची घ्यायची, असं सगळ्यांसमोर सांगितलंत. राग पळवला नाहीत तुम्ही. त्याला सही करायला लावलीत.”

“असं म्हणालो मी?”

“वाचून दाखवू?”

त्यांनी पेचकस खाली ठेवला. तिने पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि आपलेच बोलणे ते प्रथमच श्रोत्याच्या जागी बसून ऐकू लागले. मधे दोनदा ‘हं’ म्हणाले.

आता मी तिच्या वर्गात असते, पारदर्शक पिशवीत. मुलांच्या बोटांचे डाग पडतात, पडोत. वाचकहो, एखादे भाषण तुमच्या हाती आले तर त्याची स्तुती करण्याआधी, त्याचे अलंकार वेचण्याआधी, समोर कोण उभे होते आणि त्यांच्या हातात काय होते, एवढे विचारा. आम्ही कागद सहसा उत्तर लपवत नाही.