बारावी कवळी

"ही रूपीची नाय," धोंडी म्हणाला.

वृद्धाश्रमात काम करणाऱ्या संगिताने कागदात गुंडाळलेली कवळी पुन्हा त्याच्यापुढे धरली. "काका, काल स्मशानात न्यायच्या आधी काकींच्या तोंडातून मीच काढली."

"काढली असशील. पण तिची नाय."

तलासरीजवळच्या त्या वृद्धाश्रमात धोंडी आणि रूपी, नवराबायको, तीन वर्षं एकत्र होती. रूपीच्या कवळीच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता, बोर्डीचा चिकू खाताना बी दाताखाली आली तेव्हा. या कवळीचे सगळे दात धड होते. शिवाय ही लहान होती.

"रात्री कुठं ठेवता?"

"सगळ्यांच्या एका टबात. सकाळी धुऊन वाटते." संगिताचा आवाज उतरला. "अंदाजाने ओळखते मी."

धोंडी खाटेवर बसला. शेवटचे चार महिने रूपी ताटातली भाकरी त्याच्याकडे सरकवत होती. "तू खा. मला भूक नाय." विचारलं तर म्हणायची, वय झालं. दातांच्या शिबिरात फुकट मिळालेल्या कवळीची तक्रार करणं तिला जमलं नसतं. पेजेच्या पाण्यावर ती वाळत गेली. धोंडीचे दात शाबूत होते. तिच्या वाट्याची भाकरी त्याने खाल्ली, आणि आवडीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने संगिताकडे दाभण मागितलं.

"काय शिवायचंय, काका?"

"शिवायचं नाय. खुणा करायच्यात."

"दुःखाचे दिवस आहेत. जरा बसा."

"बसून काय? उद्या परत तू अंदाजाने वाटशील."

धोंडीने सायवनला चाळीस वर्षं ताडी काढली होती. झाडांखाली चौघा ताडीवाल्यांची मडकी एकत्र असायची. त्याच्या मडक्याच्या गळ्यावर तीन रेघा, त्यांतल्या काकड्याच्या मडक्यावर फुली. एकदाही मडकं बदललं नाही.

तो व्हरांड्यात बसला आणि एकेकाला हाक मारून कवळीच्या गुलाबी भागावर बाहेरून खूण कोरू लागला.

"माझ्यावर कोंबडा काढ," लडक्या म्हातारा म्हणाला. "खायला मिळत नाय, निदान तोंडात तरी राहील."

"कोंबड्याला जागा नाय. मासा घे."

"काटे काढून दे मग!"

व्हरांडा हसला. धोंडी हसला नाही, पण मासा नीट काढला.

मग सुकी म्हातारीने आपली कवळी पुढे केली. पुढच्या दाताचा टवका उडालेला होता.

धोंडीचा हात थांबला. "ही बसते तुला?"

"ढिली हाय रे. बोलताना पडते. भाकरी भिजवली की जाते कशीतरी."

त्याने खिशातला कागद सोडला, आतली कवळी नळाखाली साबणाने घासून तिला दिली. "ही घाल."

सुकीने तोंड फिरवून कवळी बसवली, दात दातांवर दाबले आणि गर्रकन वळली. "अगो बाय! ही तर माझीच! तुझ्याकडं कशी आली?"

"संगिता, हिला भाकरी आण. भिजवू नको."

सुकी भाकरी चावू लागली. ती संपेपर्यंत धोंडी समोरून हलला नाही.

"आता प्रत्येकाचा डबा वेगळा," तो संगिताला म्हणाला. "खूण बघून द्यायची. आणि कुणी आपली भाकरी दुसऱ्याला देताना दिसलं, तर आधी त्याचं तोंड उघडून बघायचं."

"बघीन, काका."

"रोज?"

"रोज."

संध्याकाळपर्यंत अकरा कवळ्यांवर खुणा झाल्या. अकरा डबे फळीवर ओळीने लागले. धोंडीने रूपीची कवळी धुतली, पंच्याने पुसली आणि मांडीवर ठेवली. दाभण उचललं. तीन रेघा त्याच्या स्वतःच्या होत्या. रूपीला कुठली खूण हवी असती, ते त्याने कधी विचारलं नव्हतं.

बाराव्या कवळीवर खूण करायची राहिली.