पोरीच्या हातची तिफण

मी एक जुनी तिफण आहे. पिंपळगाव राजाच्या पुंजाजीच्या गोठ्यात आढ्याला टांगलेली असते. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी रडत सांगतात म्हणे. मला रडू येत नाही, राग येतो.

बाभळीचं लाकूड तासून सुतारानं मला घडवलं, तीन फण बसवले, वर बी सोडायला चाडं बसवलं. पेरणीची रीत अशी की पुरुषानं माझा मागचा दांडा धरून बैल हाकायचे आणि बाईनं सोबत चालत चाड्यात मुठीमुठीनं बी सोडायचं. कुणी ठरवलं हे? मला तर कुणी विचारलं नव्हतं.

पुंजाजीची थोरली लेक सोजरा. लहान होती तोवर तिला कुणी अडवलं नाही. तिनं जिभेनं नुसतं टकटक केलं की बैल वळायचे, आणि हा माझा थोरला पोरगाच आहे असं पुंजाजी चारचौघांत मिरवायचा. मग ती मोठी झाली. आईनं तिला लुगडं नेसवलं, आणि त्याच दिवशी तिचा हात मला लागलेला घरात चालेनासा झाला. हात तोच होता हो!

धाकटा शालिग्राम बैलांना भ्यायचा. त्याच्यासारखी रांगोळी मात्र आळीत कुणाला येत नसे. पुंजाजीनं एकदा ती पायानं पुसली आणि पोराच्या हातात कासरा दिला. घ्या, एका दगडात दोन लेकरं घायाळ.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, तेव्हाची रब्बीची पेरणी. पुंजाजीच्या टाचेत काटा मोडून पाय सुजलेला, आणि जमिनीतली ओल उडून चाललेली. त्यानं खाटेवरूनच शालिग्रामला धाडलं. पोराचं पहिलंच तास, म्हणजे पेरणीची ओळ, सापासारखं वळवळलं. तेव्हा त्यानं बहिणीकडं पाहिलं, तिनं रस्त्याकडं पाहिलं. कुणी नव्हतं. तिनं माझा दांडा धरला, त्यानं बियाण्याची ओटी बांधली. दोघंही दिवसभर हसत होती. इतक्या सुखानं मी कधीच चालले नव्हते.

ज्वारी उगवली ती दोरी लावल्यासारखी. येणारे-जाणारे बांधावर थांबून बघत. पारावर पुंजाजीनं पोराच्या डोक्याला फेटा बांधला, तसा शालिग्रामनं तो उतरवून ठेवला.

"तासं ताईनं काढले," तो म्हणाला. "म्या त फक्त बी सोडलं."

पुंजाजी तरातरा घरी आला. थप्पड बसली ती सोजराला. मला गोमूत्रानं धुतलं. पोरीनं तिफण हाकली तर वावर पिकत नाही, असं तो ओरडत होता, आणि तिकडं ज्वारी कंबरेला लागत होती. याला म्हणतात डोळे असून आंधळा!

पुढच्या वर्षी दांडा पुन्हा शालिग्रामच्या हाती आला आणि चाड्यावर सोजरा. पुंजाजी बांधावर काठी घेऊन उभा. पोराचे डोळे भरलेले, तास वाकडं, आणि त्या वाकड्या तासात बी सोडत सोजरा मुकाट चालत होती. मग ती थांबली.

"बा, हे वाकडं चाललं. तुमाले दिसत नाही का?"

"दिसते," पुंजाजी म्हणाला. "वाकडं चालते. पोरीच्या हातची तिफण चालत नाही."

"मंग पोरीच्या हातचं बियाणं काऊन चालते?"

सोजरानं ओटी सोडली, बियाणं बापाच्या पायाशी ठेवलं आणि ती घराकडं चालू लागली. शालिग्रामनं कासरा टाकला आणि तो तिच्या मागं गेला. पुंजाजीनं हाका मारल्या, शिव्या दिल्या. कुणी वळून पाहिलं नाही. उन्हं कलेपर्यंत मी अर्ध्यावर सोडलेल्या त्या तासात तशीच उभी होते. त्या दिवशी त्या वावरात एक दाणा पडला नाही.

मित्रांनो, मला तेलपाणी नको आणि सावलीही नको. दसऱ्याला मला हळदकुंकू लावायला याल, तेव्हा आधी आपल्या घरात बघा, कुणाच्या हातातून काय हिसकावलंय ते. ते परत द्या. देणं होत नसेल तर माझ्या पाया पडू नका.